लो-स्पीड यूएसबी मायक्रोकंट्रोलरच्या आत कसं चालतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉलिटेक्निक आणि इंजिनीअरिंगची प्रोजेक्ट करणारी मुलं, दुरुस्तीच्या दुकानात बसणारे तंत्रज्ञ आणि मोंढ्यातल्या काट्यापासून जिनिंगच्या पॅनेलपर्यंत काहीतरी कॉम्प्युटरला जोडू पाहणारे, या सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. एटीमेगा, एटीटाइनी, पीआयसी यांपैकी एखादी चिप तुम्ही आधी हाताळली आहे, एवढं गृहीत धरलं आहे.

लो-स्पीड म्हणजे नेमका किती वेग?

सेकंदाला १५ लाख बिट, म्हणजे १.५ मेगाबिट. एक बिट तारेवर ६६७ नॅनोसेकंद राहतो. १९९६ च्या पहिल्या यूएसबीपासून हा वेग आहे आणि तो कीबोर्ड-माउससारख्या स्वस्त वस्तूंसाठीच ठेवला होता. फुल-स्पीड याच्या आठपट, १२ मेगाबिट.

पण १.५ मेगाबिट वाचून हुरळून जाऊ नका. लो-स्पीडला एका पॅकेटमध्ये फार तर ८ बाइट डेटा जातो आणि इंटरप्ट एंडपॉइंटला (ठरावीक काळाने विचारणा होणाऱ्या, चिपमधल्या डेटाच्या कप्प्याला) नियमाप्रमाणे १० मिलिसेकंदांतून एकदा विचारणा होते. हिशेब केला तर हातात सेकंदाला ८०० बाइट येतात. वजन, तापमान, बटणं यांना ते भरपूर आहे. आवाज किंवा चित्र पाठवायचं असेल तर हा रस्ता सोडा.

डिव्हाइस लो-स्पीड आहे हे कॉम्प्युटरला कसं कळतं?

एका रेझिस्टरवरून. कॉम्प्युटरच्या बाजूला डी प्लस आणि डी मायनस या दोन्ही तारा १५ किलोओहमने ग्राउंडकडे ओढलेल्या असतात. डिव्हाइसने १.५ किलोओहमचा पुल-अप (तार वर ओढणारा रेझिस्टर) डी मायनसवर लावला की लो-स्पीड, डी प्लसवर लावला की फुल-स्पीड. तारा उलट्या जोडल्या की कॉम्प्युटर १२ मेगाबिटने बोलायला जातो, चिप गप्प राहते आणि ‘डिव्हाइस ओळखता आलं नाही’ असा निरोप येतो.

केबलचे रंग बहुतेकदा असे असतात: लाल ५ व्होल्ट, काळा ग्राउंड, हिरवा डी प्लस, पांढरा डी मायनस. जुन्या माउसची कापलेली केबल वापरताना रंगावर विश्वास ठेवू नका, मीटरने कंटिन्युइटी तपासा.

तारेवर बिट दिसतात कसे?

शून्य म्हणजे खाली आणि एक म्हणजे वर, असं इथे नाही. तारांच्या दोन अवस्था असतात. डी मायनस वर आणि डी प्लस खाली असेल तर ‘जे’, याच्या उलट असेल तर ‘के’. बिट शून्य असेल तर अवस्था पालटते, बिट एक असेल तर तशीच राहते. सलग सहा एक आले तर पाठवणारा मध्ये एक फालतू शून्य घुसडतो आणि घेणारा तो काढून टाकतो. हे केलं नाही तर लांबलचक एकांच्या रांगेत घेणाऱ्याचं घड्याळ भरकटेल.

एक उदाहरण हाताने सोडवून बघा. प्रत्येक पॅकेट ‘के जे के जे के जे के के’ या तालाने सुरू होतं. शेवटचे दोन के एकसारखे आले की ‘आता मजकूर सुरू’ असं समजायचं. त्यानंतर कॉम्प्युटर ‘इन’ टोकन (‘डेटा दे’ अशी विचारणा) पाठवतोय असं धरा. त्याचा ओळख-बाइट हेक्समध्ये ६९, म्हणजे ०११०१००१. तो उलट्या बाजूने, लहान बिट आधी असा जातो: १, ०, ०, १, ०, १, १, ०. मागची अवस्था के होती, म्हणून तारेवर दिसतं: के, जे, के, के, जे, जे, जे, के. या बाइटचे पहिले चार बिट आणि नंतरचे चार बिट एकमेकांच्या बरोबर उलट असतात. ओळख-बाइटची तपासणी तेवढ्यावरच होते.

पॅकेटच्या शेवटी दोन्ही तारा दोन बिट खाली जातात आणि मग एक बिट जे.

चिपमध्ये यूएसबीचा हार्डवेअर ब्लॉक असेल तर तो आत काय करतो?

तारेपासून आत चालत जाऊ. पहिला ट्रान्सीव्हर. त्यात दोन तारांमधला फरक वाचणारा एक रिसीव्हर आणि प्रत्येक तार स्वतंत्र वाचणारे दोन असतात. हे दोन वेगळे लागतात, कारण ‘दोन्ही तारा खाली’ ही खूण फरक पाहून कळतच नाही. पाठवताना कडा मुद्दाम मंद ठेवतात. लो-स्पीडला चढ-उताराला ७५ ते ३०० नॅनोसेकंद, त्यामुळे शील्ड नसलेली साधी केबलही चालते.

त्यानंतर घड्याळ जुळवणारा भाग. केबलमध्ये वेगळी क्लॉकची तार नाही, म्हणून तो बिटच्या चौपट वेगाने, म्हणजे ६ मेगाहर्ट्झने तारा तपासत राहतो. अवस्था पालटलेली दिसली की आपली मोजणी तिथून पुन्हा जुळवून घेतो आणि बिटच्या मधोमध नमुना उचलतो.

मग सिरियल इंटरफेस इंजिन. अवस्थांचे बिट करणं, घुसडलेले शून्य काढणं, बाइट जमवणं, सीआरसी (डेटा वाटेत बिघडला का ते सांगणारा आकडा) तपासणं, पत्ता आपला आहे का बघणं, एंडपॉइंटच्या बफरमध्ये डेटा टाकणं आणि लगेच ‘पोचलं’, ‘आत्ता नाही’ किंवा ‘हे जमणार नाही’ असं उत्तर देणं, हे सगळं प्रोसेसरला न उठवता होतं. प्रोसेसरला इंटरप्ट मिळतो तो काम उरकल्यावर.

‘आत्ता नाही’ हे उत्तर समजून घ्या, अर्धं यूएसबी त्यात आहे. डिव्हाइस स्वतःहून कधीच बोलत नाही. कॉम्प्युटर विचारतो, डिव्हाइस उत्तर देतं. उत्तर तयार नसलं तरी गप्प बसायची मुभा नाही, ‘आत्ता नाही’ हे वेळेत सांगावंच लागतं. वेळ किती? केबल डिव्हाइसलाच जोडलेली असेल तर साडेसात बिट, म्हणजे ५ मायक्रोसेकंद. हार्डवेअर ब्लॉक प्रामुख्याने याच घाईसाठी असतो.

पीआयसी१८एफ४५५० मध्ये हे नीट दिसतं. प्रत्येक एंडपॉइंटला चार बाइटचा एक डिस्क्रिप्टर असतो: स्थिती, बाइटची संख्या आणि बफरचा पत्ता. स्थितीतला ‘यूओन’ बिट एक असेल तर बफर यूएसबी इंजिनाच्या ताब्यात, शून्य असेल तर तुमच्या. इंजिनाच्या ताब्यातल्या बफरला हात लावला की कधी बरोबर, कधी चूक असा डेटा जातो, आणि असला दोष शोधायला दिवस जातो. आधी बफर भरा, मग संख्या लिहा, यूओन सगळ्यात शेवटी.

माझ्या चिपमध्ये यूएसबीच नाही. तरी जमतं म्हणतात, ते कसं?

वरचं सगळं काम सॉफ्टवेअरने करून. एव्हीआरसाठी (एटीमेगा, एटीटाइनी यांच्या घराण्यासाठी) व्ही-यूएसबी हे फर्मवेअर प्रसिद्ध आहे, ते फ्लॅशमध्ये साधारण १२०० ते १४०० बाइट घेतं. १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर एका बिटला बरोबर ८ क्लॉक सायकल मिळतात. त्या आठांत पिन वाचा, मागच्या अवस्थेशी ताडा, सलग एक मोजा, बाइटमध्ये सरकवा. असेंब्लीत एकेक सूचना मोजून लिहिल्याशिवाय हे बसत नाही. आलेल्या डेटाचा सीआरसी तपासायला तर वेळच उरत नाही, ती सोय फक्त १८ मेगाहर्ट्झच्या आवृत्तीत आहे.

डी प्लस इंट-झिरोवर (चिपला इंटरप्ट देणाऱ्या पिनवर) द्यायची आणि डी मायनस त्याच पोर्टच्या दुसऱ्या पिनवर. डी प्लसच का? कॉम्प्युटर दर मिलिसेकंदाला ‘जागा राहा’ म्हणून एक छोटी खूण पाठवतो. त्या खुणेत फक्त डी मायनस खाली जाते, डी प्लस हलत नाही. म्हणून डी प्लसवर इंटरप्ट ठेवला की चिप विनाकारण सेकंदाला हजारदा उठत नाही.

कोणती चिप घ्यावी?

शिकायचं असेल तर एटीमेगा३२८पी आणि १२ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल. सॉफ्टवेअरने चालणारं यूएसबी एकदा उभं केलं की पुढे हार्डवेअरच्या डेटाशीटमधला शब्द अन् शब्द कळतो. वस्तू करून द्यायची असेल तर मात्र हार्डवेअर ब्लॉक असलेली चिप घ्या. एटीमेगा३२यू४, सीएच५५२, पीआयसी१८एफ४५५० या लो आणि फुल दोन्ही वेगांनी चालतात. गिऱ्हाइकाकडे बसवलेल्या डब्यात सॉफ्टवेअर यूएसबी घालू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

झेनर लावला, रेझिस्टर बरोबर, तरी ओळखत नाही. का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. यूएसबीच्या डेटा तारा ३.३ व्होल्टच्या आसपास चालतात आणि एव्हीआर ५ व्होल्टवर. म्हणून प्रत्येक तारेत ६८ ओहमचा रेझिस्टर आणि तारेपासून ग्राउंडला ३.६ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा डायोड) लावतात.

गडबड झेनरच्या वॅटमध्ये असते. दुकानात नुसतं ‘तीन पॉइंट सहाचा झेनर’ म्हटलं की एक वॅटचा १एन४७२९ हातात पडू शकतो. त्याचा ३.६ हा आकडा ६९ मिलिअँपियरला खरा असतो. आपल्या पुल-अपमधून येतो जेमतेम एक मिलिअँपियर. एवढ्याशा करंटला हा झेनर ३ व्होल्टच्याही खाली बसतो. ५ व्होल्टवरच्या एव्हीआरला ‘वर’ समजायला ३ व्होल्ट लागतात, म्हणून चिपला तार कायम खालीच दिसते. अर्ध्या वॅटचा किंवा त्याहून लहान झेनर मागा, बीझेडएक्स५५सी३व्ही६ किंवा १एन७४७ चालतो.

केबल लावून, चिप चालू असताना मीटरने मोजा: डी मायनसवर ३.० ते ३.६ व्होल्ट, डी प्लसवर जवळपास शून्य. डी मायनसवर २.५ दिसलं तर झेनर बदला, प्रोग्रॅम उघडूच नका.

झेनरची कटकटच नको असेल तर चिपलाच कमी व्होल्टेज द्या. ५ व्होल्टच्या तारेत दोन १एन४१४८ डायोड ओळीने घातले की साधारण ३.६ उरतात. एटीमेगा३२८पी तेवढ्यावर १२ मेगाहर्ट्झला नियमात चालतो, १६ ला नाही.

केबल लावल्यापासून पहिल्या क्षणांत काय होतं?

कॉम्प्युटरला पुल-अप दिसतो. तो दोन्ही तारा किमान १० मिलिसेकंद खाली धरतो, हा रीसेट. डिव्हाइसचा पत्ता आता शून्य. कॉम्प्युटर डिव्हाइस डिस्क्रिप्टरचे (डिव्हाइसची ओळख सांगणाऱ्या तक्त्याचे) पहिले बाइट मागतो, नवा पत्ता देतो, पूर्ण डिस्क्रिप्टर वाचतो, कॉन्फिगरेशन निवडतो. तोपर्यंत १०० मिलिअँपियरच्या वर करंट ओढायचा नाही.

यातली नेहमीची चूक पत्त्याची. नवा पत्ता लगेच लागू करायचा नसतो. त्या व्यवहाराचा शेवटचा टप्पा जुन्या पत्त्यावर पुरा करायचा आणि मग बदलायचा. स्वतः फर्मवेअर लिहिणारे इथे हमखास अडकतात.

लिनक्सच्या लॉगमध्ये उणे ७१ किंवा उणे ११० दिसतं, विंडोजमध्ये कोड ४३. अर्थ काय?

उणे ७१ म्हणजे उत्तर आलं पण नियमात बसलं नाही, किंवा नेमलेल्या क्षणात आलंच नाही. क्लॉक, व्होल्टेज किंवा गोंगाट बघा. उणे ११० म्हणजे वेळ संपेपर्यंत काम झालंच नाही. चिप चालूच नसेल, इंटरप्ट बंद असतील किंवा मुख्य लूप कुठेतरी अडकला असेल. व्ही-यूएसबीत यूएसबीपोल हे फंक्शन ५० मिलिसेकंदांच्या आत पुन्हा पुन्हा बोलवावं लागतं. लूपमध्ये अर्ध्या सेकंदाचा डिले टाकलेला असतो आणि दोष मात्र केबलला दिला जातो. कोड ४३ हा मोघम आहे, त्यावरून फार काही कळत नाही. शोधाशोध लिनक्सवर करा.

नव्या एटीमेगावर सगळ्यात आधी फ्यूज (चिपचं घड्याळ वगैरे ठरवणारे सेटिंगचे बिट) तपासा. चिप कारखान्यातून आतल्या ऑसिलेटरवर १ मेगाहर्ट्झला लावलेली येते. क्रिस्टल आणि २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर बसवले, पण फ्यूज तसाच राहिला, तर ते क्रिस्टल फक्त शोभेचं.

लोडसेल (वजनाचा सेन्सर) आणि एचएक्स७११ (त्याचा सिग्नल आकड्यांत आणणारी चिप) जोडला की यूएसबी तुटतं, किंवा वजन वेडंवाकडं येतं.

मोंढ्यातल्या काट्याचं वजन थेट कॉम्प्युटरवर यावं म्हणून हे प्रोजेक्ट खूप जण करतात, आणि सगळे याच दगडाला ठेचकाळतात. (व्यवहारात वापरायच्या काट्याला वैधमापनाचा शिक्का लागतो. घरी केलेला काटा शिकण्यापुरताच.)

एचएक्स७११ ची अट अशी की क्लॉकची पिन ६० मायक्रोसेकंदांहून जास्त वर राहिली तर ही चिप झोपी जाते. आता बघा: तुम्ही क्लॉक वर केला आणि नेमका तेव्हाच यूएसबीचा इंटरप्ट आला. टोकन ३५ बिटांचं, म्हणजे २३ मायक्रोसेकंद. मग ८ बाइटचा डेटा ९९ बिटांचा, म्हणजे ६६ मायक्रोसेकंद. पुढे पोचपावती. इंटरप्ट शंभरावर मायक्रोसेकंद खातो, क्लॉक तोवर वरच, आणि एचएक्स७११ झोपली. वजन गेलं.

मग पूर्ण २४ बिट वाचेपर्यंत इंटरप्ट बंद ठेवले तर? यूएसबी मरतं. व्ही-यूएसबीला १२ मेगाहर्ट्झवर २५ सायकलपेक्षा जास्त काळ इंटरप्ट बंद चालत नाहीत.

उपाय दोन्हींच्या मधला आहे. इंटरप्ट फक्त क्लॉक वर असतो तेवढ्यापुरते बंद करायचे: इंटरप्ट बंद, पिन वर, एक नॉप (काहीच न करणारी एका सायकलची सूचना), पिन खाली, इंटरप्ट चालू. सहा-सात सायकलमध्ये काम होतं. नॉप विसरू नका. त्याशिवाय पिन दोनच सायकल, म्हणजे १६७ नॅनोसेकंद वर राहते आणि एचएक्स७११ ला किमान २०० लागतात. एका नॉपने ते २५० होतात. क्लॉक खाली असताना यूएसबीने कितीही वेळ खाल्ला तरी बिघडत नाही, डेटाचा बिट तेव्हा वाचा. असे २५ ठोके दिले की चॅनेल ए, गेन १२८ चं एक वजन मिळतं. तयार लायब्ररी हे करेलच असं नाही, तिचं वाचण्याचं फंक्शन उघडून बघा.

डीएस१८बी२०, डीएचटी२२ आणि रंगीत डब्ल्यूएस२८१२ एलईडी यांचंही दुखणं हेच. त्यांच्या लायब्ऱ्या इंटरप्ट लांबवर बंद करतात. एखादं पॅकेट हुकलं तर कॉम्प्युटर तीनदा प्रयत्न करतो, म्हणून टेबलावर चालतं आणि दाखवायच्या दिवशी बंद पडतं.

वजन कीबोर्डसारखं टाइप करवलं, पण ११० ऐवजी १० येतं, किंवा आकडे धडाधड येत राहतात.

कळ सोडल्याचं सांगितलेलं नाही. कीबोर्डचा रिपोर्ट ८ बाइटचा: पहिला शिफ्ट-कंट्रोलचा, दुसरा रिकामा, पुढचे सहा दाबलेल्या कळांचे. १ ते ९ साठी ३० ते ३८, शून्यासाठी ३९, एंटरला ४०, दशांश बिंदूला ५५. प्रत्येक आकड्यानंतर सगळे शून्य असलेला एक रिपोर्ट पाठवा. नाही पाठवला तर दोन एक सलग आल्यावर कॉम्प्युटर त्यांना एकच समजतो, आणि शेवटची कळ दाबलेलीच राहते.

आणखी एक गंमत. कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, कळीचा क्रमांक पाठवतो. अडत दुकानातल्या कॉम्प्युटरवर देवनागरी आकड्यांचा लेआउट लावलेला असेल तर बिलाच्या रकान्यात देवनागरी अंक उमटतील आणि सॉफ्टवेअर ते नाकारू शकेल.

एटीटाइनी८५ चा बोर्ड सकाळी चालतो, दुपारी तुटतो. खराब आहे का?

बहुधा नाही. त्यावर क्रिस्टल नाही. आतल्या आरसी ऑसिलेटरवरून १६.५ मेगाहर्ट्झ काढलेले असतात आणि लो-स्पीडला दीड टक्क्याची चूक तेवढी खपते. फर्मवेअर कनेक्ट होताना कॉम्प्युटरच्या मिलिसेकंदाच्या खुणा मोजून स्वतःला जुळवतं. पण ते जुळवणं त्या वेळच्या तापमानाचं. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या वर जातो, पत्र्याच्या डब्यात त्याहून वर. सकाळी गार असताना जुळवलेलं घड्याळ दुपारी सरकतं. केबल काढून लावली की पुन्हा चालू होतं, आणि हीच खूण धरा. शेडमध्ये ठेवायच्या वस्तूला क्रिस्टलच घाला.

मोटर किंवा कॉन्टॅक्टर चालू झाला की डिव्हाइस गायब होतं.

जिनिंग असो की वाळूजमधलं वर्कशॉप, ड्राइव्हच्या केबलशेजारून यूएसबीची केबल नेली की हे होणारच. केबल वेगळ्या मार्गाने न्या, चिपच्या पायाशी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर द्या, वॉचडॉग (चिप अडकली की तिला रीसेट करणारा टायमर) लावा. वॉचडॉगने चिप रीसेट झाल्यावर सुरुवातीलाच डी मायनस पाव सेकंद खाली धरा. नाहीतर कॉम्प्युटर जुन्या पत्त्यावर हाका मारत राहतो आणि चिप शून्यावर बसलेली असते.

एवढ्याने भागलं नाही तर आयसोलेटर. एडीयूएम४१६० असलेल्या बोर्डवर वेग पिनने ठरवलेला असतो, तो लो-स्पीडवर करून घ्या. फुल-स्पीडवर राहिला तर तुमचं डिव्हाइस दिसणारच नाही. आणि कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर भिंतीवरच्या स्विचबोर्डाला अर्थिंग नाही. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, सोल्डरिंग नंतर.

लो-स्पीडवर सिरियल पोर्ट करता येईल का?

करू नका. सीडीसीला (यूएसबीवर सिरियल पोर्ट दाखवण्याच्या पद्धतीला) बल्क (मोठा डेटा वाहणारे) एंडपॉइंट लागतात आणि लो-स्पीडला बल्क नियमातच नाही. लिनक्स असा एंडपॉइंट दिसला की इंटरप्ट समजून चालवून घेतो, दुसरीकडे चालेलच याची हमी नाही. एचआयडी (कीबोर्ड-माउसचा प्रकार) वापरा, ड्रायव्हरही लागत नाही.

केबल किती लांब चालेल?

३ मीटर, आणि नियमाप्रमाणे ती डिव्हाइसला कायमची जोडलेली हवी. काट्यापासून गल्ल्यापर्यंत १० मीटर जायचं असेल तर यूएसबी ओढू नका. तेवढं अंतर आरएस-४८५ (लांब अंतराची सिरियल जोडणी) ने पार करा आणि यूएसबीचं रूपांतर कॉम्प्युटरजवळ करा.